मागचा बोळ स्वच्छ आहे

आईला सही करायला मी शिकवलं. पण ते तिच्यासाठी नव्हतं, माझ्यासाठी होतं, हे आधीच सांगून टाकते.

बारावीनंतर कॉलेजचा प्रवेश अर्ज आणला, तेव्हा शेवटच्या पानावर 'पालकांची सही' अशी एक रेघ होती. आमच्या घरातून त्याआधी कॉलेजात कोणी गेलं नव्हतं. शाळेत असताना प्रगतिपुस्तकावर आईचा अंगठा चालायचा. बाई स्वतःच टेबलाच्या खणातून शाईचं पॅड काढून पुढे करायच्या, आणि अंगठा उठवून झाला की आई तो पदराच्या आतल्या बाजूला पुसायची. कॉलेजच्या खिडकीपाशी मात्र माझ्या मागेपुढे मुलींचे वडील खिशाला पेन लावून उभे होते. तिथे शाईचं पॅड मागायची वेळ आपल्यावर येऊ नये, असं मला वाटलं. म्हणून तीन संध्याकाळी मी आईला समोर बसवलं आणि जुन्या वहीच्या पानांवर तिचं नाव तिच्याकडून गिरवून घेतलं.

ती पटकन शिकली. रांगोळीतलं कासव लक्षात ठेवावं तसं तिनं ते नाव लक्षात ठेवलं. इथून सुरू, इथे गाठ, इथे खाली शेपूट, आणि शेवटी वरून एक लांब रेघ. अक्षरं तिला कळली नाहीत. मीही ती समजावत बसले नाही. अर्ज द्यायची तारीख जवळ आली होती.

वडील मी सातवीत असताना गेले. त्यानंतर आई महापालिकेत झाडणकामाला लागली, रोजंदारीवर. सकाळी सहाला आरोग्य कोठीवर, म्हणजे झाडणाऱ्या लोकांच्या हजेरीच्या खोलीवर, मुकादमासमोर उभं राहायचं आणि मग ढकलगाडी आणि खराटा घेऊन नेमून दिलेल्या रस्त्यावर जायचं. तिच्या वाट्याला नदीपलीकडची एक बंगल्यांची कॉलनी आली होती. हिंजवडीकडे कंपन्यांच्या बस नुकत्याच धावायला लागल्या होत्या ते दिवस. कॉलनीतल्या निम्म्या घरांतली मुलं अमेरिकेत होती आणि उरलेल्या निम्म्यांतली त्या बसची वाट बघत कोपऱ्यावर उभी असायची. आई त्यांच्या बुटांभोवतीनं झाडायची. ते पाय उचलायचे, कधी 'सॉरी' म्हणायचे.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हाची ही गोष्ट. त्या वर्षी कोठीवर बोललं जात होतं की रोजंदारीवरच्या काही बायकांना कायम करणार आहेत, आणि यादीत आईचं नाव आहे. मुकादम तिला एकदा बाजूला घेऊन म्हणाला होता, "बाई, आता महिना-दोन महिने नाकासमोर चालायचं. कुणाची तक्रार नको, कसली भानगड नको." आई घरी येऊन हे वाक्य रोज एकदा तरी म्हणायची, आणि म्हणताना तिचं तिलाच हसू यायचं. "नाकासमोरच चालते की मी. खराटाच तसा हाय."

फेब्रुवारी होता. कॉलनीत बदामाची आणि शिरीषाची पानगळ चालू होती. या दिवसांत आईला सगळ्यात मोठी अडचण पोत्यांची असते. पानांनी ढकलगाडी लगेच भरते, आणि कोठीतून पोतं मिळत नाही. कुणाकडे चांगलं पोतं असलं तर ते कोठीत ठेवायचीही सोय नाही, दुसऱ्या दिवशी ते दुसऱ्याच्या गाडीवर दिसतं.

एका संध्याकाळी मी बसनं स्वारगेटला उतरून, दुसरी बस पकडून घरी आले, तर आई दारातच उभी. चेहरा उजळलेला.

"आज काय झालं सांगू? मला खुर्ची दिली."

"कुणी?"

"शेवटच्या बंगल्यातल्या बाईंनी. पोर्चमधी. प्लास्टिकची न्हाय, वेताची."

मग तिनं सगळं सांगितलं. शेवटच्या बंगल्यात एक म्हातारं जोडपं राहायचं. ते दोन दिवस नाशिकला लग्नाला गेले होते. सकाळी नऊच्या सुमाराला परत आले तर घरात चोरी. मुलानं अमेरिकेहून आणलेला लॅपटॉप गेला, आणि देवघरातली चांदीची भांडी. पोलीस आले. चोरी झाली की जागा जशी दिसते तशी लिहून काढतात, त्याला पंचनामा म्हणतात, आणि त्यावर बाहेरच्या दोन माणसांच्या सह्या लागतात. ती दोन माणसं म्हणजे पंच. हवालदारानं शेजारच्या दोन बंगल्यांची बेल वाजवली. एकानं सांगितलं की त्यांना दवाखान्यात जायचंय. दुसऱ्यानं दाराच्या जाळीतूनच म्हटलं, "अहो, आम्हाला कोर्टाच्या फेऱ्या मारायला वेळ नाही. आपण दुसरं कोणी बघा." मग हवालदारानं रस्त्यावर बघितलं. रस्त्यावर कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला होता आणि माझी आई होती.

"हवालदार म्हणाले, मावशी, सही येते का? मी म्हटलं, येते." आईनं हे सांगताना माझ्याकडे असं बघितलं की मला एकदम भरून आलं. "कागद पुढं केला. मी बसून सही केली. इस्त्रीवाल्यानं अंगठा दिला. त्याला त्यांनी सगळं वाचून दाखवलं, त्याचा अंगठा व्हता म्हणून. मला काय वाचायची गरज न्हाय पडली."

मी हसले. तेव्हा मला त्यात काही खटकलं नाही, हे लिहिताना अजूनही अवघड जातं.

जेवताना तिच्या बोटाला चिंधी बांधलेली दिसली. हळदीनं पिवळी झालेली.

"बोटाला काय झालं?"

"काच लागली. त्याच बंगल्याच्या मागच्या बोळात. भिंतीवर काचा लावल्यात ना, त्यातल्या दोन-चार खाली पडलेल्या सकाळी. आणि भिंतीवर एक पोतं पडलेलं. चांगलं जाड पोतं हाय, दुहेरी घडी घातलेलं. ते झटकताना लागली. आता पानांची काळजी मिटली." तिनं पलंगाखाली बोट दाखवलं. पोतं व्यवस्थित घडी करून ठेवलेलं होतं. काचा तिनं सातच्या आधीच झाडून, कागदात गुंडाळून कचराकुंडीत टाकल्या होत्या. कुणाच्या पायाला लागू नयेत म्हणून.

ती बोलत होती आणि मी भाकरी मोडत होते. सगळं माझ्यासमोर होतं आणि मला काहीही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. आई दुपारी दोनला कामावरून आली आणि चपला न काढता उंबऱ्यावर बसली.

"बाबांना चौकीत नेलंय," ती म्हणाली. "काल संध्याकाळपासनं."

बाबा म्हणजे त्या बंगल्याचा वॉचमन. लातूरकडचा, साठीला टेकलेला, एका कानानं कमी ऐकणारा. आई त्याला बाबा म्हणायची आणि तो आईला ताई. कॉलनीत पाणी मागितलं की आईला बहुतेक ठिकाणी बाहेरच्या बागेच्या नळाकडे बोट दाखवत. कोणी वेगळी ठेवलेली बाटली देई. हा माणूस मात्र त्याच्या केबिनमधल्या माठातलं पाणी स्वतःच्या तांब्यात द्यायचा आणि आईचं पिऊन झालं की त्याच तांब्यानं स्वतः प्यायचा. एवढंच. सहा वर्षं.

बंगल्याची मागची चावी तुळशीच्या कुंडीखाली असायची. मागचं दार त्या चावीनंच उघडलेलं होतं. कुलूप शाबूत. बाहेरून कोणी आल्याची खूण नाही. मग चावी कुठे असते हे ठाऊक असलेला माणूस कोण, तर वॉचमन. बंगल्यातल्या कामवालीनं आईला हे सगळं सांगितलं होतं.

"बाहेरून कोणी आल्याची खूण नाही," मी स्वतःशीच म्हणाले, आणि मग पलंगाखाली बघितलं.

काचांवर पोतं टाकून कोणीतरी भिंत ओलांडली होती. वरून बोगनवेल सांडलेली, त्यामुळे आतून काही दिसत नव्हतं. आणि बाहेरच्या बोळात ज्या खुणा होत्या त्या आईनं, रोजचं काम म्हणून, पोलीस यायच्या तीन तास आधी झाडून टाकल्या होत्या. पंचनामा चालू असताना ते पोतं बंगल्याच्या फाटकाशीच उभं होतं, ढकलगाडीवर, बदामाच्या पानांनी गच्च भरलेलं.

आईला मी हे सांगितलं. तिनं पलंगाखाली वाकून बघितलं. मग म्हणाली, "म्हणजे त्या कागदात काय लिहिलं व्हतं?"

"मला कसं माहीत असणार?"

"मला बी न्हाय," ती म्हणाली. "मी सही केली."

यानंतर मी जे बोलले ते मी कुणाला सांगितलेलं नाही. मी म्हणाले, "आई, राहू दे." म्हणाले, आता गेलीस तर म्हणतील पुरावा तूच नाहीसा केलास, पोतं घरात सापडलं, तुझाच काही संबंध असेल. मुकादमाला कळेल. यादीतून नाव जाईल. पोलीस शोधतील की खरा चोर, ते त्यांचं काम आहे. मी आणखीही म्हणाले, की पोतं आजच कुठल्यातरी दूरच्या कचराकुंडीत टाकून देऊ. कॉलेजात दीड वर्ष काढलेली मी होते, आणि हे सगळं मला फार पटापट सुचत होतं.

आईनं ऐकून घेतलं. मग उठली, तोंडावर पाणी मारलं, धुतलेलं लुगडं नेसली. पलंगाखालून पोतं काढून काखेत घेतलं.

"तू येतीस का? तिथं काय लिहितील ते मला वाचून कोण सांगणार?"

चौकीत तोच हवालदार होता. टेबलावर कार्बन पेपर, चहाचा रिकामा ग्लास. बाबा कोपऱ्यातल्या बाकावर बसला होता, चपला बाकाखाली नीट जोडून ठेवलेल्या. आईला बघून तो उठायला लागला, आईनं हातानंच बसा म्हटलं.

"काय मावशी? पंच परत?" हवालदार म्हणाला. माणूस वाईट नव्हता. दमलेला होता.

आईनं पोतं टेबलावर ठेवलं. आणि उभ्यानंच सगळं सांगितलं, सकाळी कोठीवर हजेरी दिल्यापासून. काचा कुठे पडल्या होत्या, किती होत्या, पोतं भिंतीवर कसं होतं, घडी कशी होती. हवालदारानं पोतं उलगडलं. मधोमध काचांनी फाटल्याच्या दोन ओळी होत्या, आणि एका धाग्यात हिरव्या काचेचा बारीक तुकडा अजून अडकलेला.

त्यानं पोतं उजेडाकडे धरलं.

"अहो मावशी, तुम्ही पुरावाच झाडून टाकला की!"

"साहेब, झाडलं नसतं तर कोठीवर फोन आला असता, बोळात काचा पडल्यात म्हणून."

"आणि वर पंच म्हणून सही केली. हे बघा." त्यानं फाईल काढून वाचून दाखवलं. "मागचा बोळ स्वच्छ आहे. केर, कचरा अथवा कोणतीही संशयास्पद वस्तू दिसून येत नाही."

"स्वच्छच व्हता," आई म्हणाली. "मीच केलेला."

बाकावरून बाबाला काही ऐकू गेलं नसावं, पण दुसरा पोलीस फिस्सकन हसला. हवालदारही हसणार होता, त्यानं चहाचा रिकामा ग्लास उगाच उचलून परत ठेवला.

"सही करताना वाचलं नाही का?"

मी खाली बघितलं. आईच्या मागे उभी होते मी. मला वाटलं ती म्हणेल, चष्मा नव्हता, घाई होती. मी तिच्या जागी असते तर असंच काहीतरी म्हणाले असते.

"सही येते मला," आई म्हणाली. "वाचता न्हाय येत. सही पोरीनं शिकवली, तिच्या कॉलेजच्या कागदासाठी. तुम्ही विचारलं सही येते का, मी म्हटलं येते. वाचता येतं का, ते तुम्ही विचारलं न्हाय."

 हवालदारानं स्टूल पुढे ओढलं, म्हणाला, "बसा." मग नवा कागद घेतला, खाली कार्बन घातला. पुरवणी जबाब, असं वर लिहिलं. लिहिताना मध्येच थांबून त्यानं जुन्या पंचनाम्यातली एक ओळ मला दाखवली. 'काळ्या रंगाची, ब्रीफकेससारखी घडी होणारी कॉम्प्युटर मशीन एक.'

"कॉलेजात आहेस ना? याला काय म्हणायचं असतं?"

"लॅपटॉप."

"तेच. त्यांचा मुलगा अमेरिकेतून फोनवर तेच म्हणाला, मला वाटलं कंपनीचं नाव असंल."

जबाब लिहून झाल्यावर त्यानं पेन आईपुढे केलं. आईनं ते घेतलं नाही. ती माझ्याकडे बघत होती. मी कागद हातात घेतला आणि वाचायला लागले. पहिल्या दोन ओळी मी भराभर वाचल्या. लाजेनं असं होतं, माणूस लवकर संपवायला बघतो.

"हळू," आई म्हणाली.

मी हळू वाचलं. एका ठिकाणी 'पोते जमिनीवर पडलेले दिसले' असं होतं. आईनं थांबवलं. "जमिनीवर न्हाय. भिंतीवर." हवालदारानं खोडून वर लिहिलं, बाजूला स्वतःची छोटी सही केली. मग सगळं शेवटपर्यंत वाचून झाल्यावर आईनं सही केली. इथून सुरू, इथे गाठ, खाली शेपूट, आणि वरून लांब रेघ. बोटाला चिंधी होती म्हणून रेघ थोडी वाकडी गेली.

बाबाला त्यांनी तासाभरानं सोडलं. हवालदार आमच्याबरोबर बंगल्यापर्यंत आला, बोगनवेल काठीनं बाजूला करून भिंतीच्या माथ्याकडे बघितलं. चार काचा मुळापासून तुटल्या होत्या. बंगल्यातल्या बाई पोर्चमध्ये उभ्या होत्या. त्यांनी बाबाची माफी वगैरे मागितली नाही. म्हणाल्या, "उद्यापासून नेहमीप्रमाणे या. चावी आता कुंडीखाली नसेल."

हवालदार फाटकाबाहेर आल्यावर म्हणाला, "कुंडीखालची चावी पुण्यात चोराला माहीत नसेल तर तो चोर कसला." पण हे आधी का सुचलं नाही, ते त्यानं सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

चोर पुढे सापडला की नाही, मला कळलं नाही.

सोमवारी आई मागच्या बोळाशी पोचली तेव्हा बाबा तिथे आधीच उभा होता. हातात तांब्या. त्या दिवशी घरी येऊन आईनं मला त्याची नक्कल करून दाखवली. आभार मानायला आला असेल असं तिला वाटलं होतं. तो आपल्या नेहमीच्या मोठ्या आवाजात, कमी ऐकणारी माणसं बोलतात तसा, अर्ध्या कॉलनीला ऐकू जाईल असा म्हणाला, "ताई, आधी नीट बघून घ्या, मग झाडा!"

आई हसत हसत खाली बसली म्हणे. पाणी सांडलं सगळं.

यादी आली, त्यात तिचं नाव नव्हतं. चौकीचं कोठीवर कळलं होतं का, की यादीच लहान होती, माहीत नाही. मुकादम एवढंच म्हणाला, "बाई, नाकासमोर चाला म्हटलं होतं."  रात्री मी म्हणाले, "माझं ऐकलं असतंस तर," आणि वाक्य तिथेच सोडलं, कारण पुढे काय म्हणायचं ते मलाच नको होतं.

पुढच्या वर्षी नाव आलं. कायम व्हायचा अर्ज सगळ्या बायकांना कोठीवर एकदमच वाटला. मुकादमाला घाई होती, खाली फुली मारलेली होती, तिथे सही करा किंवा अंगठा द्या, बाकीचं कारकून भरेल. आई तेवढी एकटी अर्ज कोरा घेऊन घरी आली. मुकादम तिच्यावर वैतागला होता.

तो चार पानांचा अर्ज होता. ती माझ्यासमोर मांडी घालून बसली, पदर सावरला, आणि कॉलेजच्या वर्गात मीही कधी बसले नव्हते तितकी नीट बसून म्हणाली, "वाच. बारीक अक्षरातलं बी."

मी वाचलं. सगळं, बारीक अक्षरातलंसुद्धा. मध्ये एकदा तिनं थांबवून कागद आपल्याकडे ओढला आणि एका शब्दावर बोट ठेवलं.

"ही माझ्या नावातलीच गाठ ना?"

"हो," मी म्हणाले. "तो 'म'."

तिनं बोट उचललं नाही. त्या ओळीत आणखी कुठे तो सापडतो का, ते ती शोधत राहिली. मी वाट बघत बसले. या वेळी मला कुठलीही तारीख गाठायची नव्हती.